मामाच्या गावी, सन १६६१

आधी वर्ष ठरवा. महिना नंतर बघू.

दक्षिण फ्रान्समधल्या एखाद्या निवांत गावात चार आठवडे काढायचे म्हटलं की माणसं उलट्या क्रमानं जातात. मे बरा की सप्टेंबर, लॅव्हेंडर कधी फुलतं, विमानाचं तिकीट कधी उतरतं, यातच संध्याकाळी खर्च होतात. गाव युझेस असेल तर यातलं काहीच अवघड नाही. नीम शहराच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर, साडेआठ हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव. आगगाडी नीमपर्यंत किंवा आविन्योंपर्यंत, पुढे बस. मे चांगला, सप्टेंबरची अखेर त्याहून चांगली, ऑगस्टात जाऊ नये. झालं महिन्याचं. वर्षाचं तसं नाही. निवांतपणा हा काही युझेसचा जन्मजात गुण नव्हे. तो कधी असतो, कधी नसतो, आणि नसतो तेव्हा फार वाईट तऱ्हेनं नसतो.

समजा, तुम्हाला वर्ष निवडायची मुभा आहे. मग प्रत्येक काळात जरा डोकावून या.

पहिलं शतक. गावाखालच्या दरीत, जिथे अर नावाचा झरा उगवतो, तिथे तुम्ही उतरता आणि कानांवर हात ठेवता. चुनखडीवर छिन्न्यांचा मारा चाललेला आहे. रोमन लोक इथलं पाणी नीमला न्यायला निघाले आहेत. नीम सरळ रेषेत वीसेक किलोमीटर, पण मध्ये टेकड्या, म्हणून पाण्याची वाट वळसे घेत घेत जवळजवळ पन्नास किलोमीटरची झाली आहे. आणि एवढ्या लांबीत एकूण उतार मिळतो बारा-तेरा मीटर! किलोमीटरमागे सरासरी पाव मीटर. तेवढ्या उतारावर पाणी चालवायचं म्हणजे मोजणी करणाऱ्याचा हात किती स्थिर असेल. जिथे गार्दों नदीची दरी आडवी येते तिथे हे लोक तिमजली पूल उभारत आहेत, एकोणपन्नास मीटर उंच. आज त्याला पों द्यु गार म्हणतात आणि त्यासाठी जगभरातून लोक येतात. तो अर्धवट बांधलेला पाहायला मिळाला तर एक दिवस द्यावा, दोन द्यावेत. पण धूळ, बैल, मुकादमांचा आरडाओरडा, दगड उचलायच्या चाकांची करकर यांत कुणी विसाव्याला जात नाही.

८४२ या वर्षाचा मला स्वतःला मोह होतो. गाव लहान, थंडी कडक, आणि एका घरात दुओदा नावाची सरदारीण पुस्तक लिहीत बसलेली. नवरा, सेप्टिमेनियाचा बर्नार्ड, राजकारणात गुंतून दूर. थोरला मुलगा विल्यम राजाच्या दरबारी. बापाच्या निष्ठेचा जामीन म्हणूनच पाठवलेला. धाकट्याचा बाप्तिस्माही व्हायच्या आत नवऱ्यानं त्याला मागवून घेतलं, त्यामुळे आपल्या तान्ह्याचं नाव काय ठेवलं हेही या आईला ठाऊक नाही. थोरल्यानं कसं वागावं, प्रार्थना कशी करावी, बापाचा मान कसा राखावा हे ती लॅटिनमध्ये लिहिते आहे. ८४१ च्या नोव्हेंबरअखेरीस सुरुवात, ८४३ च्या फेब्रुवारीत शेवट. बाहेर खरोखर शांतता आहे. पण या घरी पाहुणा म्हणून उतरवत नाही. दारावरूनच परत फिरा.

सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध तर नकोच. युझेस प्रॉटेस्टंट पंथाकडे मोठ्या संख्येनं वळलं, आणि मग कॅथलिक-प्रॉटेस्टंट लढायांत गावाचं जुनं कॅथेड्रल पाडलं गेलं. उरला तो त्याचा घंटेचा मनोरा, फनेस्त्रेल: बाराव्या शतकातला, गोल, बेचाळीस मीटर उंच, मजल्यामागून मजले खिडक्यांचे. टेहळणीला उपयोगी म्हणून तो वाचला. १६२९ साली अलेसचा तह झाला, बंडखोर गावांचे कोट पाडायचे हुकूम निघाले आणि लढाई थांबली. १६८५ मध्ये चौदाव्या लुईनं प्रॉटेस्टंटांना दिलेली मुभा काढून घेतली आणि पुन्हा पळापळ झाली. १७०२ पासून उत्तरेच्या सेव्हेन डोंगरांत बंडाचा वणवा. म्हणजे हातात येतो तो मधला तुकडा. त्यातलं १६६१ घ्या. त्या वर्षाच्या शरदात तुम्हाला सोबतही आहे.

सोबत म्हणजे एकवीस वर्षांचा एक पोरका मुलगा, जाँ रासीन. आजीनं आणि पोर-रोयाल मठाच्या करड्या गुरूंनी वाढवलेला, ग्रीक उत्तम येणारा, राजाच्या लग्नावर एक स्तुतिकाव्य लिहून थोडं नाव आणि थोडे पैसे मिळवलेला. पॅरिसमध्ये नाटकवाल्यांच्या नादी लागतोय असं घरच्यांना दिसलं. मग जे आपल्याकडे झालं असतं तेच झालं: त्याला मामाकडे पाठवलं. मामा अंत्वान स्कोनें युझेसच्या चर्चमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहेत. भाच्याला चर्चचं एखादं वतन मिळवून द्यायचं, म्हणजे जन्माची भाकरी सुटेल, असा बेत. पुढे हाच मुलगा फ्रेंच रंगभूमीचा सर्वांत मोठा शोकांतिकाकार होणार आहे. हे आत्ता फक्त तुम्हाला माहीत आहे. बोलू नका.

निघायच्या आधी दोन-तीन गोष्टींवर पाणी सोडा. चहा नाही. कॉफीचे जहाजांतून उतरणारे दाणे मार्सेयच्या व्यापाऱ्यांना माहीत आहेत, युझेसच्या चुलीला नाहीत. बटाटा या देशात अजून फारसं कुणी जेवणात खात नाही. घरची काळजीही मागे ठेवा, जरी ती सोपी नसली: याच महिन्यांत पुण्यात लाल महालात शाहिस्तेखान मुक्काम ठोकून आहे. तो तिथून कधी आणि कसा उठणार हेही तुम्हाला ठाऊक आहे. पण ज्या गावी निघाला आहात तिथे ते ऐकायला कुणी नाही.

पॅरिस ते लिऑं घोड्यावरून. टोळी मोठी, आणि मजेदार: तीन प्रॉटेस्टंट, एक इंग्रज, दोन इटालियन, एक न्यायालयातला सल्लागार, राजाचे दोन चिटणीस, दोन बंदूकधारी शिपाई. दिवसभर सगळे बरोबर चालतात. दिवस कलायला लागला की रासीन घोड्याला टाच मारतो आणि एकटाच पुढे सुटतो. पहिल्या दिवशी तुम्हाला वाटतं तरुण रक्त आहे. दुसऱ्या दिवशी खरं कारण कळतं. सराईत आधी पोचणाऱ्याला चांगला पलंग मिळतो, उरलेले दाटीवाटीनं झोपतात. मुक्कामाची आगाऊ नोंदणी करण्याची ही १६६१ मधली पद्धत, आणि तिच्यात पाठ दुखते एवढाच तोटा. तिसऱ्या दिवसापासून तुम्हीही टाच मारता.

लिऑंला घोडे सोडून रोन नदीत होडी. नदीचा ओढा दक्षिणेचा, त्यामुळे दोन दिवस फक्त बसायचं. सहलीतला सर्वांत सुखाचा भाग हाच, असं माझं मत आहे, आणि आजच्या अतिवेगवान गाडीनं तोच नेमका पुसून टाकलाय. आज पॅरिसहून आविन्योंला पावणेतीन तासांच्या आतबाहेर पोचता, आणि खिडकीबाहेर उत्तर कधी संपली, दक्षिण कधी लागली हे समजतच नाही. होडीतून ते नीट दिसतं. काठावरची घरं बदलतात: आधी उभ्या चढणीची छपरं, मग हळूहळू चपटी, पन्हाळी कौलांची. लिऑंच्या पुढे भाषाही बदलायला लागते. पॅरिसचं फ्रेंच इथे रस्त्यावर चालत नाही. लोक बोलतात ती दक्षिणेची ऑक्सितान. रासीनला इटालियन आणि स्पॅनिश येतं, त्या दोन्हींची सरमिसळ समजून तो अंदाज बांधतो. तुम्हाला तेवढाही आधार नाही, तेव्हा हातवारे करा.

पहिली रात्र व्हिएन, दुसरी व्हालांस. व्हालांसच्या सराईत मध्यरात्री शेजारच्या खोलीतून एकदम आरडाओरडा होतो. झालेलं असं: झोपण्यापूर्वी आपल्या भावी महाकवीनं मोलकरणीकडे रात्रीचं भांडं मागितलं. तिला शब्द कळला नाही. थंडीचे दिवस, परदेशी दिसणारा मुलगा, काहीतरी पलंगाखाली ठेवायला मागतोय; तिनं समजुतीनं पलंगाखाली शेगडी सरकवली. पुढे अर्ध्या झोपेत काय घडलं ते तो स्वतःच मित्राला पत्रानं कळवणार आहे, तपशील मित्राच्या कल्पनेवर सोडून. तो मित्र म्हणजे जाँ द ला फोंतेन. त्याचा आश्रयदाता फुके गेल्याच सप्टेंबरात कैद झालाय, त्यामुळे त्यालाही जरा हसायची गरज आहे. हाच ला फोंतेन १६७८ मध्ये आपल्या नीतिकथांच्या दुसऱ्या संग्रहात पिल्पे नावाच्या भारतीय ऋषीचं ऋण मान्य करील. म्हणजे आपलं पंचतंत्र अरबी-फारसीतून वळसे घेत त्याच्या टेबलावर पोचणार आहे. शेगडीची गोष्ट ज्याच्याकडे निघाली तिथेच आपले करटक-दमनकही निघालेत, हे मला उगाचच फार आवडतं.

पों-सें-तेस्प्रीला जुन्या दगडी पुलाच्या कमानींतून पाणी अंगावर येतं. होडी सोडा आणि जमिनीवरून चला. वाटेला वेल छाटलेले, ऑलिव्हच्या पानांना चांदीची छटा, आणि मग एका खडकावर युझेस. गाव खडकावरच बसलंय, त्यामुळे कितीही पाऊस पडला तरी भोवतीनं कोरड्या पायांनी फिरता येतं, हे रासीनला पहिल्याच आठवड्यात लक्षात येतं. दुरून तीन चौकोनी बुरूज दिसतात: एक ड्यूकचा, एक बिशपचा, एक राजाचा. एका टीचभर गावात तीन मालक, प्रत्येकाला आपला बुरूज. चौथा गोल मनोरा फनेस्त्रेल. त्याला खेटून पाडलेल्या कॅथेड्रलच्या जागी नवं उभं राहून कामं आता शेवटाला आलेली आहेत. ड्यूकचा मान मोठा, आज फ्रान्सच्या ड्यूकांत त्याचाच पहिला नंबर लागतो. पण तो बहुतेक राजाच्या मागे पॅरिसला असतो, आणि मालक बाहेरगावी असला की गाव मोकळा श्वास घेतं.

खोली कमानींच्या चौकाजवळ घ्या. प्लास ओ-झेर्ब, भाज्यांचा चौक. चौकाभोवती दगडी कमानींच्या पडव्या, वर दोन-तीन मजली घरं. उन्हात बाजार, पावसात पडवी. तुमची घरमालकीण विधवा आहे, प्रॉटेस्टंट. तिच्या शेजारचा लोहार कॅथलिक. गावात निम्मे किंवा जास्तच प्रॉटेस्टंट आहेत. रविवारी दोन दिशांना दोन रांगा निघतात आणि चौकात एकमेकांना ओलांडताना जरा जास्तच नीट पाहून चालतात. नमस्कार होतात. भांडण नाही. तरी बाजारात तुम्ही एखाद्याचा पंथ विचारलात तर बोलणं थांबतं. चोवीस वर्षांनी यातल्या एका रांगेला धर्म सोडायचा की देश हे ठरवावं लागणार आहे.

सकाळी मालकीण जिन्यातून हाक मारते, "वाळत घातलेलं आत घ्या, वारा येतोय." आभाळ निळंशार, पान हलत नाही. तुम्ही मनात हसता. तासाभरात मिस्त्राल येतो. उत्तरेकडून, रोनच्या खोऱ्यातून घुसलेला कोरडा, गार वारा, आणि कमानींत असा घुमतो की चौक ओस पडतो. तो किती दिवस राहील हे विचारायचं नाही. खिडकीच्या फळ्या लावून घ्यायच्या, विस्तवाशी बसायचं. मुक्कामाच्या बेतात असे दिवस कोरे सोडा. माझा अनुभव असा की नुसत्या वाऱ्यामुळे घरात अडकलेल्या दिवशी जितकी विश्रांती होते तितकी ठरवून घेतलेल्या सुट्टीच्या दिवशी होत नाही.

मामांच्या घरी जाऊन या. भाच्याला त्यांनी डोक्यापासून पायांपर्यंत काळ्या जाड कापडात शिवून काढलंय, आणि समोर संत थॉमस अक्विनासचे ग्रंथ ठेवलेत. ग्रंथाच्या आड व्हर्जिल आहे, हे मामांना माहीत असावं. खोली लावायची म्हणून रासीननं मामांच्या नोकराला बाजारातून दोन-तीनशे बारीक खिळे आणायला सांगितलं होतं. नोकरानं तत्परतेनं काड्यांच्या तीन जुड्या आणून दिल्या, विस्तव पेटवायच्या. त्या अजून कोपऱ्यात पडल्या आहेत. मॉस्कोच्या माणसाला पॅरिसमध्ये जितका दुभाषा लागेल तितका मला इथे लागतो, अशी त्याची तक्रार आहे. तुम्ही मान डोलवता.

मग ऑलिव्ह. नोव्हेंबर म्हणजे झाडं लगडलेली. पॅरिसमध्ये मुरवलेलं ऑलिव्ह खाल्लेला हा मुलगा आडरानात पहिलंच झाड दिसताच हात घालतो, फळ तोंडात टाकतो, चावतो. कडूलिंबाचा काढा गूळ वाटावा असा त्याचा चेहरा होतो. ती चव तोंडातून जायला चार तासांहून जास्त लागले, असं तो पुढे लिहील. ऑलिव्ह राखेच्या पाण्यात अनेकदा धुवावं लागतं, मिठाच्या पाण्यात मुरवावं लागतं, तेव्हा कुठे ते खाण्याजोगं होतं, हे त्याला नंतर समजतं. तुम्हाला आधीच माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाहीत. बरं केलंत, नाहीतर फ्रेंच साहित्य एका चांगल्या पत्राला मुकलं असतं.

तेलाचं मात्र त्याला पटकन पटतं. इथे लोण्याऐवजी सगळ्यात ऑलिव्हचं तेल. पॅरिसच्या माणसाला तेल म्हणजे वास येणारी वस्तू, पण हे ताजं, गावच्याच घाण्याचं. पावाच्या जाड कापेवर लसूण घासून, वरून तेल, मीठ. बकरीच्या दुधाचं लहान चपटं चीज. हरभरे, शेळीचं-मेंढीचं मांस, सुके अंजीर, सेव्हेनमधून खाली येणारं चेस्टनट. जेवण साधं आहे, आणि दुपारचं खाऊन झाल्यावर गाव दारं लावून घेतं. ही वेळ मोडू नका. आजही दक्षिणेतली बरीच दुकानं दुपारी बंदच असतात. तक्रार करणारे पर्यटक दिसतात तेव्हा मला त्यांची कीव येते.

बायका इथल्या फार देखण्या, असं रासीनचं निरीक्षण. पण काळ्या झग्यातल्या उमेदवारानं डोळे मिटून राहावं असा सल्ला त्याला आल्याबरोबर मिळालाय. डोळे मिटणं जमत नाही, म्हणून निदान तोंड मिटायचं त्यानं ठरवलंय. १ नोव्हेंबरला राजाला मुलगा झाला. त्याच्या आनंदोत्सवाची आतषबाजी बघायला तो नीमला जातो, तुम्हीही जा. अर्ध्या दिवसाचा रस्ता. रोमन रंगमंडल अजून उभं आहे, आत लोक घरं बांधून राहताहेत, भिंतींचे दगड एवढे की नुसते बघत राहावं. रात्री बाण सुटतात, त्यांच्या उजेडात गर्दीतले चेहरे क्षणभर उजळतात. रासीन आकाशापेक्षा चेहऱ्यांकडेच जास्त बघतो. शेजारी मामांच्या मंडळातले एक आदरणीय पाद्री उभे आहेत. त्यांना हसणं फारसं आवडत नाही.

डिसेंबर, जानेवारी. दुपारी ऊन असतं, अंगणात बसता येतं. रोज अर झऱ्याच्या दरीत उतरा. हिरवं पाणी, आल्झों नदीकाठची झाडं, पाणचक्क्यांचा आवाज. रोमन पाटाचे अवशेष झुडपांत जागोजाग आहेत. शतकानुशतकं पाणी वाहून त्याच्या भिंतींवर चुन्याचे जाड थर चढले होते. पाणी थांबल्यावर लोकांनी ते थर कापून चर्चच्या बांधकामांत दगड म्हणून वापरले. इथे काही वाया जात नाही. गावात परत येताना तुम्ही ज्या मातीवरून चालता तिच्याखाली घुबड, बदक, गरुड आणि हरणाचं पाडस काढलेली रोमन फरसबंदी झोपलेली आहे. ती २०१७ मध्ये वर येईल, शाळेच्या बांधकामाआधीच्या उत्खननात. शाळेला नाव आहे शार्ल जीद यांचं. १८४७ मध्ये याच गावात जन्मलेले हे अर्थशास्त्रज्ञ ग्राहक सहकारी चळवळीचे मोठे विचारवंत झाले. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या माणसानं त्यांच्या पाटीपुढे क्षणभर थांबायला हरकत नाही. लेखक आंद्रे जीद त्यांचा पुतण्या, लहानपणी सुट्टीत आजीकडे इथे यायचा. युझेस म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या आजीचं-मामाचंच गाव दिसतं.

फेब्रुवारीत एक गोष्ट लक्षात यायला लागते, आणि बेत आखताना तिचा विचार करायला हवा होता असं वाटतं. तुम्ही सुखात आहात. रासीन नाही. गाव तेच, ऊन तेच, तेल-पाव तोच. रात्री इतक्या स्वच्छ की पॅरिसच्या दिवसांपेक्षा त्या बऱ्या असं तो स्वतःच कळवतो. तरीही तो टपालाची वाट बघतो आणि टपाल येत नाही. पॅरिसमध्ये कुठलं नाटक लागलं, कोण कुणावर रागावलं, आपल्याला सगळे विसरले की काय, हेच डोक्यात. वतनाचं काम अडलंय. एक परवानापत्र हवंय ते येत नाही, येतं ते नीट नसतं. मामा प्रेमळ आहेत, पण त्यांच्या हातातही फार नाही. पदांचे दावेदार आणि भांडणंच जास्त. तुम्हाला इथून केव्हाही निघता येतं, म्हणून कमानीखाली बसून काहीच न करण्यात तुम्हाला गोडी आहे. त्याला निघता येत नाही. मित्रांना तो लांबलचक पत्रं लिहितो, आणि ती इतकी हसरी आहेत की एवढं हसरं लिहायला माणूस किती कंटाळला असेल, हे वाचताना कळत जातं. आपण निवांत म्हणतो ती बहुतेक गावं अशीच: जो तिथे राहायला गेला त्याला ती आवडतात, ज्याला राहावं लागलं तो उत्तरेकडचा रस्ता बघत बसतो. युझेसच्या तरुणांना आजही शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडावं लागतं, हे कॅफेत बसून गाव किती टिकून राहिलंय याचं कौतुक करताना आठवावं.

वसंत लवकर येतो आणि लवकर आटोपतो. गुलाब, कोकिळेसारखा रात्रभर गाणारा नाइटिंगेल, कोवळा मटार, आणि बघता बघता जून. आता खिडकी दिवसा उघडू नका. शेतात कापणी चालू आहे. कापणारे उन्हानं भाजून काळे पडलेत, झपाटल्यासारखे हात चालवतात, थकले की तिथेच उन्हात आडवे होतात, आणि लगेच उठतात. गहू कापला की फार वेळ न दवडता झोडपणी. खिडकीत उभा राहून रासीन हे बघतो आणि त्याला श्वास घ्यायला जड जातं. झाडाझाडांत सिकाडा किरकिरतात, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. पर्यटनाच्या पत्रकांत ज्याला दक्षिणेचं संगीत म्हणतात तो आवाज त्याला जगातला सर्वांत छळवादी वाटतो. चौथ्या दिवशी तुम्हीही त्याच्या बाजूचे होता. जुलै उजाडायच्या आत निघा.

वतन त्याला इथे मिळत नाहीच. तो पॅरिसला परततो, आणि १६६४ च्या जूनमध्ये मोलिएरची मंडळी त्याचं पहिलं नाटक रंगमंचावर आणतात. कागद वेळेवर आले असते तर युझेसला एक सामान्य पाद्री मिळाला असता. गावानं पुढे दरीवरच्या गच्चीलगतच्या एका लहानशा गोल कट्टाघराला त्याचं नाव दिलं. पाव्हियों रासीन. तो तिथे राहिला होता असं कुणी सांगितलं तर मान डोलवून पुढे चला.

आता हे सगळं जमणार नसेल, आणि तुम्हाला आजच्या सालातच जायचं असेल, तर तेही वाईट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पुढे रेशीम आणि विणकाम मंदावलं, गाव गरीब होत गेलं, आणि पैसा नसल्यानं जुनी घरं पाडून नवी बांधायचं कुणाला सुचलं नाही. १९६२ च्या माल्रो कायद्यानंतर जुन्या गावाला संरक्षण मिळालं, १९६५ पासून दगड घासूनपुसून निघाले. आज जो सोनेरी रंग दिसतो त्यात त्या गरिबीचाही वाटा आहे. घरांचे भाव मात्र गरिबीचे राहिलेले नाहीत. १९९० चा 'सिरानो द बेर्जराक' चित्रपट इथे चित्रित झाला तेव्हा सतरावं शतक दाखवायला फारसं काही झाकावं लागलं नसेल.

घर जुन्या गावाला वेढणाऱ्या गोल रस्त्याच्या आत घ्या, पण थेट चौकावर नको. संध्याकाळी खुर्च्यांचा आवाज होतो. शनिवारी पोचू नका. त्या दिवशीचा बाजार चौकातून ओसंडून गल्ल्यांत शिरतो आणि सामान घेऊन चालायला जागा राहत नाही. बुधवारी पोचा. बुधवारचा बाजार लहान, आसपासच्या शेतकऱ्यांचाच, आणि आठवड्याची भाजी, चीज, तेल त्यातच भागतं. गाडी आणणार असाल तर ती गोल रस्त्याबाहेर लावून चालत आत या. आणि जे काही घ्यायचं ते बाराच्या आत घ्या.